चोवीस किलो

चोवीस किलो, ती म्हणायची, मान वर न करता,
पाठीवरची पिशवी उतरवता उतरवता.

मोनास्तिरच्या हॉटेलमागे, धोबीखान्याला लागून
माझं यंत्र, एक खुर्ची,
आणि एकाच दिशेला बघणारा पंखा.
एकोणीस वर्षं मी रॅकेटांच्या तांती ओढतोय.
सामने बघायला सवड होत नाही.
जे कळतं ते तुटून आलेल्या जाळीवरून.

झिंत्रा. लाटवियातल्या लिएपायाची.
नावाचा अर्थ तृणमणी, तिनंच सांगितलं,
पावतीवर मी नाव चुकवलं तेव्हा.
वादळानंतर आमचा समुद्र तृणमणी टाकून जातो काठावर.
आणि तुमचा?
मी म्हटलं, प्लास्टिक. आणि गवताचे चेंडू.
हसली नाही. थट्टा वाटली असावी.

तेव्हा ती अठराची, जगात आठशे सदतिसावी.
'जगात' हा शब्द तिच्या तोंडी
गल्लीच्या नावासारखा यायचा.
रविवारी जिंकली की हातात इतकेच पैसे
की पुढच्या गावचं तिकीट निघावं,
जेवण निघू नये.
मोजे बेसिनमध्ये धुऊन कोर्टाच्या कुंपणावर वाळत घालायची.
माळी ते काढून माझ्या दारात आणून ठेवायचा.
माझे पैसे मात्र मोजून द्यायची,
नाण्यांत, तिथल्या तिथे.

एका वर्षी आली नाही.
मुलींना विचारलं तर म्हणाल्या, ती वर गेली.
माझ्या पोटात धस्स.
वर म्हणजे पॅरिसला!
पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य स्पर्धेत,
चौदा नंबरचं कोर्ट, पहिली फेरी.
त्या दिवशी मी यंत्र बंद ठेवलं.
फोनवर नुसते आकडे हलत होते.
तिसरा सेट, पाच-तीन, सर्व्हिस तिची.
मग आकडे बराच वेळ हललेच नाहीत,
आणि हलले ते दुसऱ्या बाजूचे.

त्या एका हरण्याचे पैसे
तोवरच्या सगळ्या जिंकण्यांहून जास्त होते.
पुढच्या हिवाळ्यात खांद्याच्या डॉक्टरने ते घेतले.

परत आली तेव्हा म्हणाली, तेवीस.
मग साडेबावीस. मग एका मार्चमध्ये, हळू आवाजात, एकवीस.
उतरणाऱ्या प्रत्येक किलोमागे काहीतरी असतं.
मी विचारत नाही. डॉक्टर विचारतात, आईबाप विचारतात,
तांतवाल्यानं निदान गप्प राहावं.

फार ताणलं की तुटतं, असं लोक म्हणतात.
म्हणोत.
माझ्या हाताला वेगळं माहीत आहे:
जिच्यावर कोणी खेळत नाही ती तांतही तुटते,
पिशवीतल्या पिशवीत, मध्यरात्री,
टक् असा आवाज करून,
आणि शेजारच्या पलंगावरची मुलगी दचकून उठते.

या नोव्हेंबरात ती चौतिसाची.
समोरची मुलगी सतरा वर्षांची, फटका मारताना ओरडणारी.
बावन्न मिनिटं.
संध्याकाळी ती माझ्याकडे आली, केस ओले, पाय अनवाणी,
बोटांना वाळू.
टेबलावर एक तपकिरी, केसाळ गोळा ठेवला.
समुद्रानं गवताचा वळून वळून केलेला.
म्हणजे खरं बोलत होतास तू.
सोळा वर्षांनी!

किती किलो? मी विचारलं.
तूच ठरव.

असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही.
मी बराच वेळ रॅकेट नुसती हातात धरली,
मुठीवरची पट्टी तिच्या अंगठ्यापाशी झिजून काळी झालेली.
मग ओढली तांत. किती, ते तिला सांगितलं नाही,
तिनं विचारलं नाही.
तळहातानं जाळी वाजवून पाहिली, कान लावून,
जसा कलिंगडवाला वाजवतो.

दारात थांबून म्हणाली,
पैसे पुढच्या वर्षी दिले तर चालेल?

वहीत लिहून ठेवलंय.
झिंत्रा, एक रॅकेट, बारा युरो, येणे.